परत पाठवायचे, पण कुठे?

लोणावळ्याहून पुण्याची लोकल धरली की मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव करत आपण देहूरोडला पोहोचतो. याच देहूरोडमध्ये जुलै 2024 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी म्यानमारमधून आलेल्या काही रोहिंग्यांना ताब्यात घेतले. बनावट कागदपत्रे करून घेतल्याचा आरोप होता. तेव्हापासून मावळातले लोक आम्हाला विचारतात, सरकार यांना आता परत पाठवणार का?

खोट्या आधार कार्डाची बाजू आम्ही घेणार नाही. तो गुन्हा आहे, त्याचा खटला चालावा. पण गुन्ह्याची शिक्षा वेगळी आणि देशाबाहेर पाठवणी वेगळी.

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना रोहिंग्यांसह बेकायदा राहणाऱ्या परदेशी लोकांना शोधून परत पाठवण्याविषयी कळवले. देशात सुमारे 40 हजार रोहिंग्या असल्याचा सरकारचा तेव्हाचा अंदाज. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 8 एप्रिल 2021 च्या आदेशात न्यायालयाने जम्मूत स्थानबद्ध असलेल्यांची सुटका नाकारली, मात्र ठरलेली कायदेशीर पद्धत पाळल्याशिवाय त्यांना पाठवू नये, असेही सांगितले. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. म्हणून जीव वाचवायला आलेला आणि चोरून घुसलेला, दोघे एकाच रकान्यात बसतात.

ठरलेल्या पद्धतीत मायदेशाने ‘हा माणूस आमचा’ असे मान्य करावे लागते. खरी अडचण इथे आहे. म्यानमारच्या 1982 च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना बाहेरच ठेवले. बांगलादेशाने नोव्हेंबर 2018 आणि ऑगस्ट 2019 मध्ये त्यांना परत पाठवण्याची तयारी केली, पण छावणीतून जायला कोणी पुढे आले नाही. जळालेल्या गावात कोणत्या हमीवर जायचे?

आपल्या महाराष्ट्राने असा प्रश्न पूर्वी पाहिला आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक स्त्रिया आणि मुले. युद्ध संपले तेव्हा अनेकांची गावे सोव्हिएत हद्दीत गेलेली होती. काही जण पोलंडला परतले, बरेच जण ब्रिटन आणि इतर देशांत गेले. ‘युद्ध संपले, आता घरी जा’ एवढ्यावर प्रश्न सुटला नाही.

हबशाची हिजरत वाचकांना ठाऊकच आहे. मक्केच्या कुरैशांनी आपली माणसे परत मागायला नजराणे देऊन दूत पाठवले. दरबाऱ्यांचा सल्ला होता, देऊन टाका. नजाशी बादशहाने आधी निर्वासितांनाच बोलावले, ह. जाफर (रजि.) यांचे म्हणणे ऐकले आणि मग नजराणे परत केले.

आता आपल्या हातात काय? कोणाकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाची नोंद असेल, तर ती वकिलामार्फत न्यायालयापुढे यावी. खोली देणाऱ्यांनी भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यात करावी. आणि दया येऊन एजंटाकडून दाखला काढून देण्याची ‘मदत’ कोणी करू नये. त्या कागदापायी घरातला कमावता माणूस तुरुंगात जातो, आणि मुलांना घेऊन बाई एकटी पडते.