तट्टू पाहावे खुरापासून

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्याचा भाव बोलला जातो, तेव्हा आधी रंग विचारला जातो, मग भोवरे तपासले जातात, मग उंची आणि कानांची कमान. पाय शेवटी, आणि तेही उभ्या उभ्या. पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ सांगता येईल अशा उंची जनावराबाबत हा क्रम एक वेळ चालून जाईल, कारण तिथे घेणारा हौसेचे पैसे मोजत असतो. पण महाराष्ट्रात रोज राबणारी तट्टे वेगळी आहेत. माथेरानचा चढ चढणारी, पाचगणीच्या पठारावर पर्यटकांना फिरवणारी, वरातीत उभी राहणारी, धनगरांच्या वाड्याचे बिऱ्हाड पाठीवर वाहणारी ही जनावरे बहुतेक मिश्र रक्ताची असतात. त्यांच्या बापाचा पत्ता अनेकदा मालकालाही नसतो. अशा तट्टूची पारख करताना क्रम उलटा हवा: आधी खूर आणि पाय, मग चाल, मग वंश, आणि रंग सर्वांत शेवटी.

वंशापासून सुरुवात करतो, कारण फसगत तिथेच जास्त होते. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोके आत वळलेली असतात. हे लक्षण संकरातही उतरते, त्यामुळे वळलेल्या कानांचे कोणतेही तट्टू बाजारात ‘मारवाडी’ म्हणून खपवता येते. कान फार तर एवढे सांगतो की मागे कुठेतरी ते रक्त आले आहे. किती आले आणि त्याबरोबर आणखी काय आले, हे तो सांगत नाही. दुसरा भ्रम उंचीचा. लहान चणीच्या दख्खनी घोडीला उंच घोडा लावला की उंच शिंगरू मिळणार, असे गृहीत धरले जाते. केंब्रिजमध्ये 1938 साली वॉल्टन आणि हॅमंड यांनी प्रचंड देहाचे शायर आणि चिमुकले शेटलंड यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर घोडीच्या पोटी आलेली शिंगरे शेटलंड घोडीच्या शिंगरांपेक्षा जन्मतः सुमारे तिप्पट वजनाची भरली, आणि वाढ झाल्यावरही ते अंतर पूर्ण बुजले नाही. दोघांचे आईबाप त्याच दोन जातींचे होते. फरक पडला तो आईच्या देहाने. आपल्याकडे वळूच्या नावावर पैसे मोजले जातात आणि घोडी मात्र हाताशी असेल ती लावली जाते. पहिल्या संकरातली शिंगरे निदान बऱ्यापैकी एकसारखी निघतात. पुढे त्यांचाच आपसात संकर झाला की गुण विखुरतात, आणि जड डोके बारीक मानेवर किंवा लांब पाठ अशक्त कमरेवर, अशी विजोड जनावरे जन्माला येतात.

म्हणून प्रत्येक मिश्र तट्टू स्वतंत्रपणे, जमिनीपासून वर तपासावे लागते. पुढचे दोन खूर आकाराने सारखे आहेत का, भिंतीला उभ्या चिरा किंवा आडव्या वळ्या आहेत का, टाच रुंद आहे की आवळलेली, तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग निरोगी आहे की कुजट वासाचा, हे खूर उचलूनच कळते. खुराचा पुढचा उतार आणि त्याच्या वरच्या सांध्याचा उतार एका रेषेत हवा. तो फार उभा असेल तर प्रत्येक पावलाचा हादरा वर चढतो, फार आडवा असेल तर मागच्या शिरांवर ताण येतो. घोडा स्थिर उभा असताना निम्म्याहून अधिक, सुमारे साठ टक्के, वजन पुढच्या पायांवर असते. त्यामुळे तिथला दोष अधिक महागात पडतो. समोरून पाहताना खांद्यापासून सोडलेला ओळंबा गुडघा, नळी आणि खूर यांच्या मधून जायला हवा. खूर बाहेर वळलेले असतील तर चालताना पाय आत झोके घेतो आणि दुसऱ्या पायाला घासतो. बाजूने पाहताना गुडघा मागे झुकलेला दिसला, तर डोंगरउताराच्या कामाला ते तट्टू घेऊच नये. मागच्या पायांचे मधले सांधे एकमेकांकडे किंचित कललेले असणे डोंगरी तट्टांत बरेचदा दिसते आणि मला तो मोठा दोष वाटत नाही. तेच सांधे विळ्यासारखे वाकलेले असणे मात्र दोषच. दात पाहायला विसरू नये: पाचव्या वर्षी पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात, आणि त्याआधी पाठीवर पूर्ण ओझे टाकणे म्हणजे कच्च्या हाडांवर टाकणे.

यावर कोणी म्हणेल, आपली तट्टे काटक आहेत, त्यांना हे पुस्तकी मोजमाप कशाला? पण काटकपणा ही हवेतली गोष्ट नाही, तो मोजता येतो. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कृषी संस्थेत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के भार टाकून पाहिले. पंचवीस टक्क्यांपासून पुढे हृदयाचे ठोके आणि स्नायू दुखण्याची लक्षणे स्पष्ट वाढली. त्याच अभ्यासात असेही दिसले की ज्यांची कंबर रुंद आणि पायाची नळी जाड, त्यांचे स्नायू कमी दुखावले. आपल्या जुन्या दख्खनी तट्टाचे वर्णन याहून वेगळे नाही: आखूड पाठ, रुंद कंबर, आखूड आणि जाड नळी. मराठ्यांच्या घोडदळाने ज्या जनावरांवर मजला मारल्या त्यांतली भीमथडी आता कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. उंचीच्या हव्यासाने केलेल्या संकरात नेमके हेच गुण आधी जातात. नळी लांब आणि बारीक होते, पाठ लांबते, आणि जनावर दिसायला देखणे पण वाहायला दुबळे होते. अडीचशे किलोच्या तट्टाला वीस टक्क्यांच्या हिशेबाने खोगिरासकट पन्नास किलोच झेपतात. पर्यटनस्थळी त्यावर कोण बसतो, ते आठवून पाहावे. माथेरानमध्ये क्ले पेव्हर ब्लॉकच्या रस्त्याला घोडेवाल्यांनी घसरण्याच्या भीतीने हरकत घेतली, कारण तिथे सगळा धंदा खुराच्या पकडीवर उभा आहे.

चाल पाहण्याची रीतही बदलायला हवी. गिऱ्हाईक रवाल चालीवर भाळते, आणि ती चाल सुखाची असते हे खरेच. पाठ हलत नाही, लांबचा पल्ला सोसवतो. तिच्यामागे आनुवंशिक कारण असू शकते. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये डीएमआरटी-3 या जनुकातला एक बदल शोधला, जो आइसलँडच्या घोड्यांसारख्या जातींत अशा वेगळ्या चालींशी जोडलेला आहे. पण तट्टूची परीक्षा रवाल चालीत घेऊ नये, तिच्यात लंगड लपते. आधी साध्या कदमात, सैल दोरीवर, कठीण जमिनीवर चालवावे. चार टापा सारख्या अंतराने ऐकू याव्यात आणि मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्यापुढे पडावा. मग दुडकी. तिच्यात तिरक्या जोडीचे पाय एकदम पडतात आणि दोन ठोक्यांत विषमता असेल तर लगेच जाणवते. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो. जे जनावर दुडकी टाळून लगेच रवाल धरते, त्याला उतारावर आणि वळणावर पुन्हा चालवून पाहावे. विक्रेता ‘त्याला हीच चाल येते’ म्हणाला तरी थांबू नये.

भोवऱ्यांचे काय? शालिहोत्राच्या परंपरेत घोड्याच्या लक्षणांचा बारीक विचार झाला आहे, आणि ते निरीक्षण करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. कपाळावरच्या भोवऱ्याची दिशा आणि घोड्याचा डावा-उजवा कल यांचा काही संबंध असल्याचे आधुनिक अभ्यासांतही सुचवले गेले आहे. पण अमुक ठिकाणच्या भोवऱ्याने मालकाचे घर बुडते, याला आधार नाही. या समजुतीने उत्तम पायांची जनावरे कवडीमोल होतात आणि खुरांनी रोगट पंचकल्याणी लाखांत विकली जाते. ‘बाजार रंगालाच भाव देतो, मग गरीब पाळणाऱ्याने काय करावे’ हा आक्षेप मात्र खरा आहे. पाळणारा एकटा बाजार बदलू शकत नाही. तो बदलेल भाव ठरवणाऱ्या स्पर्धांनी. यात्रांमध्ये रूप आणि नाच यांच्या स्पर्धा होतात. तिथेच कामाच्या मिश्र तट्टांसाठी वेगळा गट ठेवावा, त्यात निम्मे गुण पाय आणि खुरांना, उरलेल्यांतले बहुतेक कदम आणि दुडकीला द्यावेत, निकालपत्रात नळीचा घेर आणि वजन छापावे, आणि कोणत्या घोडीला कोणता वळू लावला याची नोंद जत्रेतल्या पशुवैद्यकीय कक्षात ठेवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक फीत, एक वजनकाटा, एक वही आणि पायांकडे पाहणारे पंच पुरेत. यात्रा भरवणाऱ्यांनी हे येत्या दत्तजयंतीपासूनच सुरू करावे.