ओढणें आणि आवरणें

‘भार’, ‘भर्ता’ आणि ‘भार्या’ हे तीनहि शब्द एकाच ‘भृ’ धातूपासून निघालेले आहेत, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. भृ म्हणजे धारण करणें, पोसणें. ज्यानें कुटुंबाचें पोषण करावयाचें त्यानेंच भारहि तोलावयाचा, असा बोध या व्युत्पत्तींतून निघतो. आज या सदरांत जो विषय घेतला आहे, तो वरवर पाहतां परदेशी व चैनीचा वाटेल; परंतु थोडें खोल गेल्यास तो याच धातूपाशीं येऊन थांबतो. विषय असा, कीं शिडाची होडी ट्रेलरवर घालून रस्त्यानें तळ्यापर्यंत ओढून न्यावयाची असेल, तर तिच्यासाठीं पिकअप जातीची मोटार कशी निवडावी?

प्रश्न माझ्या पुतण्याचा आहे. तो अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांतील डेन्व्हर शहरीं राहतो. तिकडे समुद्र नाहीं, पण डोंगरांत तळीं आहेत. आणि पोराला पाण्याचा नाद लहानपणापासून. त्यानें पत्रीं लिहिलें, “काका, दुकानदार म्हणतो ही गाडी ६४०० पौंड ओढते. माझी होडी त्याच्या निम्म्याचीहि नाहीं. मग घेऊं ना?” ज्येष्ठ बंधु व वहिनी दरसालीं उन्हाळ्यांत त्याच्याकडे जातात व मागच्या आसनावर नातवासह तींच बसणार, म्हणून मीं या प्रश्नाकडे थोडें बारकाईनें पाहिलें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, पुतणे, जांवई तिकडे आहेत. त्यांच्याहि हें उपयोगीं पडावें.

प्रथम होडीचें खरें वजन. बाजारांतील माहितीपत्रकांत जें वजन छापतात तें बहुधा नुसत्या होडीचें असतें. ‘कॅटलिना २२’ या नांवाची होडी फ्रँक बटलर यांनीं काढली. ती १९६९ पासून विकली जाऊं लागली व ट्रेलरवर नेण्याच्या शिडाच्या होड्यांत ती फार लोकप्रिय झाली. तिचें छापील वजन सुमारें २२५० पौंड. त्यांत पोटाखालील कील, म्हणजे होडी कलंडूं नये म्हणून बसविलेला जड लोखंडी पाता, सुमारें ५५० पौंडांचा आहे. शिडाची होडी आकाराच्या मानानें जड कां, याचें कारण हेंच. आतां तिच्याखालचा ट्रेलर धरा ९०० पौंड. त्यावर लहान एंजिन, पेट्रोल, बॅटरी, नांगर, दोर, शिडें, पिण्याचें पाणी, शेगडी, गाद्या व ‘असूं द्या बरोबर’ म्हणून घेतलेल्या असंख्य वस्तु मिळून ५५० पौंड सहज होतात. बेरीज ३७०० पौंड, म्हणजे सुमारें १६८० किलो. ‘निम्म्याचीहि नाहीं’ ही पुतण्याची समजूत येथेंच ढासळली. म्हणून पहिला नियम असा, कीं छापील आंकड्यावर विसंबूं नये. होडी सर्व सामानासह ट्रेलरवर चढवून सार्वजनिक वजनकांट्यावर न्यावी. तिकडे मालमोटारींच्या थांब्यांवर असे कांटे असतात व थोड्या पैशांत वजनाची चिठ्ठी मिळते.

कांहीं होड्यांत, उदाहरणार्थ मॅकग्रेगर कंपनीच्या २६ फुटी होड्यांत, लोखंडाऐवजीं पाण्याचा भार असे. पाण्यांत उतरल्यावर टाकी भरावयाची आणि बाहेर काढतांना रिकामी करावयाची. त्यामुळें रस्त्यावर हजाराहून अधिक पौंडांचें ओझें वांचतें. या होड्यांचें उत्पादन २०१३ मध्यें थांबलें, परंतु जुन्या होड्या अद्यापि पुष्कळ वापरांत आहेत. मोटार लहानच ठेवणें ज्यांस भाग आहे, त्यांनीं मोटारीपेक्षां होडीच विचारपूर्वक निवडावी.

आतां दुसरा प्रश्न. हीं ३७०० पौंड वजनें ट्रेलरच्या चाकांवर असलीं, तरी त्यांतला कांहीं भाग ट्रेलरच्या दांडीवाटें मोटारीच्या पाठीवर येतोच. बैलगाडी भरणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास हें शिकवावें लागत नाहीं. माल मागें अधिक पडला तर गाडी उलाळ होते व जूं वर उचललें जातें; पुढें फार पडला तर बैलांच्या मानेवर ओझें येतें. जुंवावर थोडासाच, पण निश्चित भार राहील अशी गाडी भरणें हें त्याचें कसब. ट्रेलरचा नियमहि तोच. एकंदर वजनाच्या सुमारें दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. होडीच्या ट्रेलरला तो कांहींसा कमीहि चालतो. फार कमी झाला, तर वेगांत ट्रेलर सापाच्या शेंपटीसारखा डावा-उजवा झुलूं लागतो व शेवटीं मोटारीलाहि फिरवून टाकतो. फार झाला, तर मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढचीं चाकें हलकीं होतात व सुकाणूं सैल पडतें. आपण दहा टक्के धरूं. म्हणजे ३७० पौंड.

हे ३७० पौंड मोटारीच्या ओढशक्तींतून नव्हे, तर भारशक्तींतून वजा होतात. आणि येथेंच बहुतेक लोक फसतात. ओढशक्ति म्हणजे मागें किती ओढतां येईल. भारशक्ति म्हणजे मोटारीच्या स्वतःच्या अंगावर किती ठेवतां येईल. पहिला आंकडा जाहिरातींत मोठ्या अक्षरांत असतो. दुसरा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या लहानशा कागदावर असतो. ‘माणसें व सामान मिळून अमुक पौंडांपेक्षां अधिक नको’ अशा अर्थाचें एकच वाक्य त्यावर छापलेलें असतें. हा कागद त्या विशिष्ट मोटारीचा असतो, त्या जातीचा नव्हे. छताला कांच, मोठीं चाकें, चामड्याचीं आसनें असे अलंकार जितके अधिक, तितकी ही संख्या कमी. सालंकृत गाडी अधिक मोलाची असते व कमी ओझें पेलते, हा विरोधाभास लक्ष्यांत ठेवण्याजोगा आहे.

आतां त्रैराशिकाचीहि गरज नाहीं, साधी बेरीज पुरे. पुतण्या १७० पौंड, सूनबाई १४०, दादा १५०, वहिनी १३०, नातू ८०, एकूण ६७०. मागच्या हौद्यांत डबे, बर्फाची पेटी, हत्यारें मिळून १५०. दांडीचा भार ३७०. बेरीज ११९० पौंड. पुतण्यानें पाहिलेल्या मध्यम आकाराच्या पिकअपच्या दारावरील आंकडा होता ११००. म्हणजे ओढशक्तीचे शंभरांतील अठ्ठावन्न भागच खर्ची पडले असतां भारशक्ति मात्र ९० पौंडांनीं ओलांडली गेली! दुकानदार खोटें बोलला नाहीं. त्यानें फक्त दोन आंकड्यांपैकीं एकच सांगितला.

जाहिरातींतील ओढशक्तीचा आंकडा तरी कसा ठरतो, हें पाहण्यासारखें आहे. पूर्वीं जो तो कारखाना आपल्या मर्जीनें आंकडा छापी. पुढें अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें २००८ मध्यें ‘जे २८०७’ या नांवाची सामायिक कसोटी प्रसिद्ध केली. टोयोटानें ती प्रथम स्वीकारली व कांहीं वर्षांनीं इतर मोठे कारखाने तिला अनुसरले. अ‍ॅरिझोनांतील डेव्हिस धरणाजवळचा लांब चढ हा तिचा आधार. भर उन्हाळ्याच्या उष्म्यांत, आंतील थंडाईचें यंत्र पूर्ण चालू ठेवून, ठराविक वेग न सोडतां मोटारीनें तो चढ चढला पाहिजे. कसोटी कडक आहे यांत शंका नाहीं. परंतु तींत मोटारींत दोनच माणसें, तीं देखील प्रत्येकीं १५० पौंडांचीं, धरलेलीं असतात. आपल्याकडे ‘आम्ही दोघेंच जातों’ असें म्हणणारें कुटुंब मीं तरी पाहिलें नाहीं.

पुतण्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट होती, ती उंचीची. डेव्हिस धरणाजवळचा चढ सुमारें साडेतीन हजार फुटांपाशीं संपतो. डेन्व्हर शहरच समुद्रसपाटीपासून सुमारें ५२८० फूट उंच. ज्या डिलन सरोवरांत त्याला शीड उभारावयाचें, तें सुमारें ९०१७ फुटांवर. आणि मध्यें ११००० फुटांहून अधिक उंचीवरील आयझेनहॉवर बोगदा ओलांडावा लागतो. हवा विरळ झाली कीं साध्या एंजिनाची शक्ति दर हजार फुटांस सुमारें तीन टक्के घटते. म्हणजे बोगद्यापाशीं पोंचेतों जवळ जवळ एक तृतीयांश बळ नाहींसें झालें! ज्या एंजिनास टर्बो, म्हणजे हवा दाबून आंत भरणारा पंखा असतो, त्याचें बळ इतकें घटत नाहीं. सपाट प्रदेशांत राहणाऱ्यास हा खर्च व्यर्थ वाटला तरी चालेल. डोंगरांत राहणाऱ्यास तो योग्य होय.

परंतु चढापेक्षां उतार कठीण. चढांत बळ कमी पडलें तर गाडी हळू चालेल, मागचे लोक कर्णा वाजवितील, याहून अधिक कांहीं नाहीं. उतारांत आवर सुटला तर मात्र दुसरी संधि नसते. बोगद्यापासून डिलनकडे जो रस्ता उतरतो, त्याचा उतार शंभरांत सात फुटांपर्यंत आहे. ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारी थांबाव्या म्हणून तेथें वाळूखडीचे निराळे चढ बांधून ठेवले आहेत. ते कांहीं शोभेसाठीं नव्हेत. वेग दुप्पट झाला कीं थांबविण्याची ऊर्जा चौपट लागते, हें शाळेंतील गणित येथें जीवावर येतें.

यासाठीं ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. तिकडे अनेक संस्थानांत ३००० पौंडांच्या आसपास वजन गेलें कीं कायद्यानेंहि ते लागतात. होडीचा ट्रेलर पाण्यांत बुडवावा लागतो, म्हणून त्याला विजेच्या ब्रेकांपेक्षां ढकलीचे ब्रेक अधिक बसवितात. मोटार मंदावली कीं ट्रेलर पुढें ढकलला जातो व त्या दाबानेंच तेल सरकून ब्रेक लागतात. युक्ति नामी आहे, पण लांब उतारावर हे ब्रेक सारखे लागून राहून तापतात. तेव्हां बोरघाट उतरणारा जुना चालक जें करी तेंच करावें: उतार सुरू होण्याआधींच खालचा गिअर घालावा, वेग बेताचा ठेवावा, व मध्यें थांबून चाकांस विसांवा द्यावा. तळ्यावर पोंचल्याबरोबर तापलीं चाकें थंड पाण्यांत बुडविणें हेंहि वाईट. गरम आंस एकदम निवला कीं बेअरिंगांत पाणी शोषलें जातें व पुढें केव्हां तरी रस्त्यांत चाक जाम होतें. आधीं चहा घ्यावा, मग होडी उतरवावी.

उतरविण्याचा प्रसंगहि मोटारीच्या निवडीशीं निगडित आहे. कीलमुळें शिडाची होडी ट्रेलरवर उंच बसते, म्हणून साध्या एंजिनाच्या होडीपेक्षां ट्रेलर पुष्कळ आंत न्यावा लागतो. मोटारीचीं मागचीं चाकें तेव्हां शेवाळलेल्या, ओल्या फरशीवर येतात. चारी चाकांना बळ देणारी मोटार येथें खरी उपयोगीं पडते. ट्रेलरची दांडी लांबवितां येत असेल तर तेंहि उत्तम. उतरणीवर मागें जाण्यापूर्वीं सर्व मंडळींस खालीं उतरवावें, विशेषतः मुलांस व वृद्धांस. आणि डोलकाठी उभी करण्यापूर्वीं मान वर करून विजेच्या तारा कोठें आहेत तें पाहावें. धातूची काठी तारेला लागून माणसें दगावलेलीं आहेत.

मग घ्यावें तें काय? फोर्ड कंपनीची ‘मॅव्हरिक’ ही लहान पिकअप साध्या रूपांत २००० पौंड व ओढण्याचा खास संच असल्यास ४००० पौंड ओढते. सपाट प्रदेशांत, दोघांस व हलक्या होडीस ती पुरेल. होंडाच्या ‘रिजलाइन’ची मर्यादा ५००० पौंड, मध्यम अंतरास ती बरी. परंतु पांच माणसें, ३७०० पौंड व रॉकी पर्वत असा योग असेल, तर पूर्ण आकाराची पिकअपच घ्यावी. फोर्ड ‘एफ १५०’ किंवा तिच्या बरोबरीची दुसरी कोणतीहि चालेल. मात्र कारखान्यांतूनच ओढण्याचा संच बसविलेली असावी, आणि दारावरचा आंकडा १६०० च्या खालीं नसावा. त्याहून मोठी, मालवाहू वर्गातील गाडी मात्र घेऊं नये. ती रिकामी असतांना आदळते, पेट्रोल पिते, आणि वर्षांतील तीनशें दिवस बाजारहाटासाठींच वापरली जाते.

याहून काटकसरीचा एक मार्गहि आहे. होडी उन्हाळाभर तळ्याच्या धक्क्यावरच भाड्यानें ठेवावी. म्हणजे ती वर्षांतून दोनदांच ओढावी लागते, आणि तेवढ्यापुरती योग्य मोटार असलेल्या माणसास पैसे देऊन काम करवून घेतां येतें. भाड्याची गाडी आणावयाची असेल, तर दुसऱ्याचा ट्रेलर जोडण्यास करारांत परवानगी आहे कीं नाहीं तें आधीं वाचावें.

पुतण्यास मीं इतकेंच लिहिलें: “तूं दुकानांत जाशील तेव्हां ‘किती ओढते?’ हें विचारूं नकोस. तें ते न विचारतां सांगतील. दार उघडून चौकटीवरचा कागद वाच. त्यांतून घरच्या माणसांचें वजन वजा कर, मग सामान, मग दांडीचा भार. उरेल तें शून्याच्या वर असलें, तरच पाकिटास हात घाल.” त्यानें ६४०० पौंडांची ती गाडी सोडली, आतां मोठ्या पिकअपांच्या दारांवरचे कागद वाचीत दुकानांतून हिंडत आहे. दुकानदार त्रासले असतील. पण वहिनींनीं मात्र यंदाच्या तळ्याच्या सहलीस होकार दिला आहे.