ग्रामरला घुंगरू बांधून काय होणार?

सध्या एक नवीन टूम निघाली आहे. ग्रामर म्हणे 'फन' करायचं! नाउनचं गाणं, व्हर्बचा नाच, टेन्सची सापशिडी, ॲडजेक्टिव्हचे रंगीबेरंगी चार्ट. आणि यात आपण आयटीवाले सगळ्यात पुढे. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, शनिवारी सकाळच्या शाळेत रत्नागिरीजवळच्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या मुलांचे दोन तास घ्यायचे, कंपनीचा टी-शर्ट घालून फोटो काढायचे, आणि रविवारी गणपतीपुळे करून परत. सोमवारी इंटर्नल मेलवर सगळ्यांना फोटो.

मुलांना मजा येते, नाही असं नाही. शहरातले दादा-ताई आलेत, चॉकलेटं वाटतायत, कोणाला आवडणार नाही? पण सोमवारी त्यांच्याकडे काय उरतं? माझ्या मते चॉकलेटचे कागद. मजा कमी पडली म्हणून नव्हे. त्या दोन तासांत, आणि शाळेच्या पुढच्या दहा वर्षांत, इंग्रजी वाक्य असं का आणि तसं का नाही, हे त्यांना समजेल अशा भाषेत कोणी सांगतच नाही म्हणून. समजेल अशी भाषा म्हणजे मराठी. झालं, बोललो एकदाचा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे आता दहावीच्या मुलाने दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. त्यात आमचं कोकण म्हणजे निकालाचा राजा! २०१२ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचं वेगळं विभागीय मंडळ झालं, आणि तेव्हापासून दहावीत पहिला नंबर दुसऱ्या विभागाला मिळू दिलेला नाही. २०२४ चा निकाल ९९.०१ टक्के. शंभरात एखादाच नापास. आता याच पोरांना इंटरव्ह्यूच्या खुर्चीत बसवा.

मी बसवलंय. फ्रेशर्सचे बरेच इंटरव्ह्यू घेतलेत. कोड लिहायला सांगितला की ही पोरं झरझर लिहितात. 'टेल मी अबाउट युवर प्रोजेक्ट' म्हटलं की घशात काटा अडकल्यासारखी गप्प. एकाला मी म्हटलं, "अरे मराठीत सांग." तो पाच मिनिटं न थांबता बोलला. काजूच्या कारखान्यातल्या मालाची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर त्याने एकट्याने केलं होतं, आणि लाइट गेली तर डेटा कसा वाचवायचा याचाही विचार केला होता. शेजारी बसलेल्या पॅनेलवाल्याने शेरा लिहिला, 'पुअर कम्युनिकेशन'. विषय संपला. त्या पोराचा.

आता गंमत बघा. व्याकरण रंजक करायचं असेल तर बाहेरून काही आणावं लागतच नाही. सगळा मसाला मराठीतच आहे.

आपल्या कुणालाही विचारा, 'ॲन' कधी येतो? उत्तर पाठ आहे: पुढे ए, ई, आय, ओ, यू आलं की. मग 'ॲन युनिव्हर्सिटी' का नाही? आणि 'ॲन अवर' का? तिथे बाई म्हणतात, "तो अपवाद आहे, पाठ करा." अहो, अपवाद कसला? शब्द देवनागरीत लिहा. 'अवर' अ-ने सुरू झाला, स्वर, म्हणून 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी' य-ने सुरू झाली, व्यंजन, म्हणून 'अ'. ॲन एसटी, ॲन एमएलए, अ युरोपियन. लिपीने उत्तर आधीच हातात दिलंय. आपली वर्णमाला स्वर आणि व्यंजन आवाजावरून वेगळे करते आणि पहिलीतल्या पोराला ती येते. रत्नागिरीत तर हा खेळ बाजारातच होईल. अ काजू, पण ॲन ओला काजू. ॲन आंबा, पण अ पिकलेला आंबा. कुठला चार्ट लागला?

आणि 'अ' कुठे, 'द' कुठे? लहानपणची कुठलीही गोष्ट काढा. एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या. पहिल्यांदा भेटला तेव्हा 'एक', ओळख झाल्यावर 'त्या'. अ किंग, मग द किंग. सगळं यात बसत नाही, मान्य. पण निम्मा घोळ इथेच मिटतो.

'ही गो टू स्कूल' म्हणणाऱ्या पोराला ओरडण्याआधी त्याच्या मराठीकडे बघा. जातो, जाते, जातं, जातोस, जातेस, जाता, जातात. सात रूपं तो झोपेतही चुकत नाही. इंग्रजीत तिथे दोनच आहेत, 'गो' आणि 'गोज'. "बाळा, तू सात सांभाळतोस, इथे दोनच सांभाळायची आहेत," एवढं म्हटलं तर त्याची छाती फुगेल की नाही?

पॅसिव्ह व्हॉइसचं तर विचारूच नका. 'राम ईट्स अ मँगो'चा 'अ मँगो इज ईटन बाय राम' करत आपली अख्खी पिढी संपली. असं कोण बोलतं? मुलांना मुंबई-गोवा हायवे दाखवा. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढे दर पावसाळ्यात तेच ऐकलं: काम लवकरच पूर्ण 'करण्यात येईल', खड्डे 'बुजवण्यात येतील'. कोण करणार? कोण बुजवणार? वाक्यात कर्ताच नाही! पॅसिव्ह व्हॉइस तो हा. करणारा माहीत नसला, महत्त्वाचा नसला किंवा लपवायचा असला की हा वापरायचा. आपणही मेलमध्ये लिहितोच की, 'द बिल्ड वॉज ब्रोकन'. कोणी मोडला ते टीमला बरोबर ठाऊक असतं :)

आता जिथे मराठी पाय ओढते ती जागा. तो कालच आलाय. मराठीत शंभर टक्के बरोबर. म्हणून पोरगा म्हणतो, 'ही हॅज कम यस्टरडे'. इंग्रजीत 'हॅज' बरोबर 'यस्टरडे' चालत नाही. तसंच 'मी सकाळपासून यावर काम करतोय' याचं सरळ 'आय ॲम वर्किंग ऑन धिस सिन्स मॉर्निंग', जे आपल्या निम्म्या स्टेटस मेल्समध्ये सापडेल. ही मूर्खपणाची चूक नव्हे. एका भाषेचा नियम प्रामाणिकपणे दुसरीत पाळलाय. पण चूक कुठून आली हे दाखवायला शिकवणाऱ्याने मराठी वाक्य शेजारी ठेवायला हवं. आणि तेच करायला बंदी! इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द काढला तर दंड घेणाऱ्या शाळा आहेत, आणि आईबाप त्या कौतुकाने निवडतात.

ही बंदी आपली परंपरा नव्हेच. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ चं, आणि त्याची घडण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. म्हणजे मराठीच्या तासाचं नाम आणि इंग्रजीच्या तासाचा नाउन जुने शेजारी आहेत, पण एका तासातून दुसऱ्या तासात निरोप कोणी नेत नाही. तर्खडकरांच्या नावाची भाषांतर पाठमाला पुढे कित्येक पिढ्यांनी वापरली. रुक्ष होती, रट्टा होता, सगळं मान्य. पण मराठीतून समजावत असल्यामुळे गावातला मुलगा ती एकटा उघडून बसू शकायचा. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी चिपळूणकर-आगरकरांबरोबर १८८० मध्ये शाळा काढली तिचं नाव न्यू इंग्लिश स्कूल, आणि लगेच १८८१ मध्ये याच मंडळींनी मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा' सुरू केला. दोन भाषा शेजारी बसल्या तर एक बिघडते, असं त्यांना वाटलेलं दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, अशाने मुलं मनात भाषांतर करत बसतील, फ्लुएन्सी येणार नाही. अहो, ती आजही भाषांतरच करतायत, फक्त चोरून आणि एकट्याने. आणि ऐकणं-बोलणं भरपूर हवंच, त्याला कोण नाही म्हणतंय? पण ज्या घरात, गावात, एसटीत कुठेच इंग्रजी कानावर पडत नाही तिथे 'आपोआप येईल' म्हणणं म्हणजे पऱ्ह्यात पाणी नसताना पोहायला शिकवणं. आपल्या सोसायटीतल्या मुलांना ते जमतं, कारण त्यांच्या घरात नळ आहे.

तेव्हा पुढच्या ट्रिपला चार्ट आणि टी-शर्ट राहू द्या. आधी शाळेतल्या बाईंना फोन करून विचारा, मुलं कोणत्या दहा वाक्यांना अडतात. ती वाक्यं मराठीत फळ्यावर लिहा, शेजारी मुलांनी केलेलं इंग्रजी लिहा, आणि फरक मुलांनाच शोधायला लावा. गणपतीपुळे कुठे पळून जात नाही.