अर्ध्या गोधडीला हात हवेत आणि जमीनही

कितीतरी मराठी घरांत दिवाणाच्या पोटात एक अर्धवट गोधडी असते. आईने किंवा सासूने सुरू केलेली, पाच-सहा ओळींवर थांबलेली. ती पुरी का झाली नाही, यावर उत्तर ठरलेलं: वेळच मिळत नाही. हे अर्धंच खरं आहे.

गोधडीसाठी घेतलेलं नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात. रुंदी सव्वा मीटर धरून दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोरा घातला, तर साठेक ओळी होतात. म्हणजे सव्वाशे मीटर शिवण, तीही सगळ्या थरांतून सुई आरपार काढत! एकट्या बाईने रात्रीची भांडी आवरून एवढं संपवावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

गावाकडे हे एकटीचं काम नव्हतंच. उन्हाळ्यात शेतीची कामं सरली की ओसरीवर लुगडं अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, लांब कच्च्या टाक्यांनी थर धरून ठेवायचे आणि चहूबाजूंनी शेजारणी शिवायला बसायच्या. फ्लॅटमध्ये पसारा संध्याकाळी गुंडाळावाच लागतो. थर सरकतात, चुण्या पडतात, मग उत्साह मावळतो.

कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रियांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, इथे पाहण्यासारखी आहे. त्या कडेपासून तुकडे जोडत, शिवत आत सरकतात आणि मध्यावर येऊन थांबतात. कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावतात. अमेरिकेत अलाबामातल्या गीझ बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. 1966 मध्ये त्या भागात बायकांची गोधडी-सहकारी संस्था उभी राहिली, 2002 मध्ये या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या आणि 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. आपल्याकडच्या गोधड्या मात्र गाडी पुसायला जातात, याचं वाईट वाटतं.

जुनं काम पुन्हा हाती घेताना आधी त्याला चांगलं ऊन दाखवावं. आत विसरलेली सुई शोधावी. ती गंजून कापडाला डाग पाडते. मग लुगडं उजेडासमोर धरावं. विरलेलं सुती कापड घडीच्या रेषेवरच आधी फाटतं, तिथे ठिगळ लावावं. ठिगळाचं कापड नवं असेल तर अगोदर धुऊन घ्यावं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि भोवतालचं जुनं कापड ओढलं जातं. आधीच्या ओळी मात्र उसवू नयेत. सासूचा टाका बारीक आणि सुनेचा लांब, हा फरक तसाच राहू द्यावा. टाके एकसारखे हवेत म्हणून अशी गोधडी मशीनवर टाकणं म्हणजे त्या दोघींचा हात पुसून टाकणं.

जागेचा प्रश्न सुटण्याजोगा आहे. सोसायट्यांचे हॉल वाढदिवसांना भाड्याने जातात आणि एरवी दुपारभर कुलूपबंद असतात. एप्रिल-मे महिन्यांत ते रोज दुपारी गोधड्यांसाठी विनामूल्य उघडावेत. तिथे सतरंजीवर काम रात्रभर तसंच पसरलेलं राहू द्यावं. सुईत दोरा ओवायला नातवंडांना बसवावं, पुरुषांनाही बोलवावं. घटस्थापनेआधी घरातली अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात, तोवर चार-सहा गोधड्या सहज पुऱ्या होतील.