यंत्र कसं असावं, हे तुम्हीही सांगा

नवं यंत्र आलं, नवं ॲप आलं, की आपण ते मुकाट्याने शिकून घेतो. त्यातलं काही खटकलं तरी ‘तज्ज्ञांनी केलंय, आपल्याला काय कळतंय’ म्हणून गप्प बसतो. माझी कळकळीची विनंती आहे, गप्प बसू नका.

अँड्र्यू फीनबर्ग या तत्त्वज्ञाने ‘यंत्र कसं असावं हे कुणी ठरवायचं’ याच प्रश्नाला उभं आयुष्य दिलं. तत्त्वज्ञ हर्बर्ट मार्क्यूज यांचे हे विद्यार्थी १९६८च्या मे महिन्यात, विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले तेव्हा, पॅरिसमध्ये होते. पुढे त्यांनी सॅन दिएगोत आणि २००३पासून कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकवलं. त्यांची पुस्तकं सोपी नाहीत, पण त्यांची उदाहरणं कुणालाही कळतील अशी आहेत.

फ्रान्सच्या टेलिफोन खात्याने १९८०च्या दशकात घरोघर मिनिटेल नावाची छोटी यंत्रं फुकट वाटली. लोकांनी त्यावर फोन नंबर शोधावेत, माहिती घ्यावी, अशी योजना होती. लोकांनी मात्र त्यावर एकमेकांशी गप्पा सुरू केल्या आणि माहितीच्या यंत्राचं बोलण्याचं साधन करून टाकलं. दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. तिथे वाफेच्या बोटींचे बॉयलर फुटून माणसं मरत होती, तरी मालक निर्बंधांना विरोध करत राहिले. १८५२मध्ये कडक कायदा झाला, तेव्हा बॉयलर सुरक्षित बनू लागले. तसे ते आधीही बनवता आले असते.

फीनबर्ग स्वतः १९८२पासून कॅलिफोर्नियात संगणकावरून वर्ग चालवण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगात होते. तिथे शिक्षक आणि विद्यार्थी लिहून एकमेकांशी चर्चा करत. पुढे शिक्षकाशिवाय, स्वस्तात शिकवण्यासाठी हेच तंत्र वापरावं अशी टूम निघाली, तेव्हा त्यांनी ठाम विरोध केला. मला त्यांचं हे काम सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्यांनी संगणक नाकारला नाही, तो कसा वापरायचा यावर वाद घातला.

असा वाद आपल्यालाही घालता येतो. आपल्याकडे रेशन दुकानात कष्टाने रेषा झिजलेल्या बोटांचा ठसा अनेकदा यंत्र घेत नाही. दोष त्या बोटांचा नाही. अशी अडचण आली तर तारीख, वेळ आणि काय झालं ते लिहून ठेवा. शेजारच्यांनाही विचारा. मग ग्रामसभेत लेखी मांडा. शाळेतल्या ॲपची अडचण असेल तर पालकसभेत मांडा. यंत्र चाललं नाही तर दुसरी सोय कोणती, हे स्पष्ट विचारा, आणि तुमचं म्हणणं इतिवृत्तात आलं की नाही तेही पाहा.