बोट भारी आहे, पण पोरांना विचारलं का?

तसलं रील तुम्हीही पाहिलं असणार. निळंशार पाणी, पांढरं शीड, डेकवर अनवाणी पळणारी दोन पोरं. घर विकलं, नोकरी सोडली, बोट घेतली आणि आता आम्ही जग फिरतोय, असं आईबाबा हसत हसत सांगतात. आपण ते सबमिशनच्या आदल्या रात्री बघतो आणि ‘लाइफ असावी तर अशी’ म्हणून ग्रुपवर टाकतो.

त्या लाइफला नावं ठेवायची नाहीत. पण रीलमध्ये न दिसणारं थोडं बघूया. चाळीस फुटी बोट म्हणजे राहायला जेमतेम वन बीएचके, तोही सतत हलणारा. गोडं पाणी मोजून वापरायचं, म्हणून भांडी बऱ्याचदा समुद्राच्याच पाण्यात घासायची. रात्री सगळ्यांनी एकदम झोपून चालत नाही, कुणीतरी पहाऱ्याला लागतंच. घरात लहान मूल असेल तर कठड्याला जाळी, मुलाच्या अंगात पट्टा आणि पट्ट्याला दोरी. गॅलापागोसहून मार्केसास बेटांकडे निघालात, तर मध्ये सुमारे ३००० नॉटिकल मैल नुसतं पाणी. तीन-चार आठवडे तीच माणसं, तीच जागा. भांडण झालं तर दार आपटून बाहेर जायची सोय नाही. बाहेर पॅसिफिक आहे!

मोठ्यांनी हे सगळं स्वतः निवडलेलं असतं. मुलांचं काय?

ब्रिटनच्या सुझॅन हेवूड यांची गोष्ट बघा. १९७६ साल. सुझॅन सात वर्षांची होती, धाकटा भाऊ सोबत. कॅप्टन जेम्स कुक दोनशे वर्षांपूर्वी तिसऱ्या सफरीवर ज्या मार्गाने गेला, त्याच मार्गाने आपणही जायचं, असं वडिलांनी ठरवलं. ‘वेव्हवॉकर’ नावाच्या शिडाच्या जहाजावर अख्खं कुटुंब निघालं. तीन वर्षांत परत यायचं ठरलं होतं. त्या तिनाची दहा वर्षं झाली.

निघून काही महिने होतात न होतात तोच, दक्षिण हिंदी महासागरात एक अवाढव्य लाट जहाजावर आदळली. सुझॅनची कवटी फ्रॅक्चर झाली, नाक मोडलं. जहाज कसंबसं एका चिमुकल्या फ्रेंच बेटाला लागलं. तिथल्या डॉक्टरने भूल न देता तिच्या डोक्यावर अनेकदा शस्त्रक्रिया केल्या. एवढं होऊनही प्रवास थांबला नाही.

मला मात्र त्या लाटेपेक्षा पुढची वर्षं जास्त भयंकर वाटतात. नियमित शाळा नाही. मैत्रिणी बंदरात भेटायच्या आणि नांगर उचलला की सुटायच्या. भावाला डेकवरची कामं, हिला खाली स्वयंपाक आणि साफसफाई. शेवटी तिने हट्टाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. वह्या टपालाने जायच्या-यायच्या, पण पुढचं बंदर येईपर्यंत टपाल कुठलं? सोळाव्या वर्षी तिला आणि भावाला न्यूझीलंडमध्ये तळ्याकाठच्या एका घरात ठेवून आईवडील जहाजावर निघून गेले. तिथे बसून तिने इंग्लंडमधल्या विद्यापीठांना पत्रं लिहिली. ऑक्सफर्डने मुलाखतीला बोलावलं, ती एकटी गेली आणि प्रवेश घेऊनच थांबली. पुढे केंब्रिजची पीएचडी केली. २०२३ मध्ये त्यांनी हे सगळं ‘वेव्हवॉकर’ याच नावाच्या पुस्तकात लिहिलं.

‘बघा, झालंच ना चांगलं!’ असं म्हणायचा मोह होतो. पण ते बोटीमुळे झालं नाही, बोटीवरून उतरण्यासाठी ती जे झगडली त्यामुळे झालं.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट. लॉरा डेकर ही डच मुलगी १९९५ मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मली, तेव्हा तिचे आईवडील बोटीवरून जगप्रवास करत होते. तिची पहिली वर्षं समुद्रावरच गेली आणि तिला त्याचं वेडच लागलं. तेराव्या वर्षी ती म्हणाली, मला एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करायची आहे. प्रकरण कोर्टात गेलं. २००९ मध्ये कोर्टाने तिला बालकल्याण यंत्रणेच्या देखरेखीखाली ठेवलं, २०१० मध्ये ती देखरेख उठवली. त्याच वर्षी ती निघाली आणि जानेवारी २०१२ मध्ये, सोळाव्या वर्षी, प्रदक्षिणा पूर्ण करून आली. म्हणजे बोटीवर वाढणं वाईटच असतं, असं नाही. तारे ओळखणं, वारा वाचणं, दहा देशांतल्या पोरांशी खेळणं हे कुठल्या क्लासमध्ये शिकवतात?

पण या दोन गोष्टी शेजारी ठेवा. मुलगी ‘मला जायचंय’ म्हणाली तेव्हा तिला अडवायला कोर्ट होतं. मुलगी ‘मला उतरायचंय’ म्हणाली तेव्हा तिचं ऐकायला कुणीच नव्हतं. बोट आज या देशात, उद्या त्या देशात. हजेरी घेणारी बाई नाही, ‘पोरगी गप्प का असते?’ विचारणाऱ्या शेजारच्या काकू नाहीत. कप्तानही बाबा आणि तक्रार ऐकणारेही बाबाच!

तुम्ही म्हणाल, घरातला प्रत्येक निर्णय काय मुलांना विचारून घ्यायचा? बाबांची बदली झाली तेव्हा आपल्याला कुणी विचारलं होतं? बरोबर. सात वर्षांच्या मुलाच्या हाती सुकाणू द्या, असं कुणी म्हणत नाही. पण बदलीच्या गावातही शाळा असते, आजीला फोन लावता येतो. बोटीवर ती सोय मुद्दाम करावी लागते. परतीची तारीख ठरली असेल तर ती पाळायची. शिक्षणाची आणि मित्रांची व्यवस्था निघण्याआधी लावायची. मूल मोठं होऊन ‘बास’ म्हणालं, तर जवळच्या बंदरात थांबून खरंच विचार करायचा. ज्यांना एवढं जमेल, त्यांनी खुशाल शिडं उभारावीत.

आणि हे फक्त बोटीपुरतं आहे का? सुझॅनला शिकायचं होतं आणि घरच्यांना फिरायचं होतं. आपल्यातल्या कित्येकांचं नेमकं उलटं असतं. आपल्याला दुसरंच काही करायचं असतं आणि घरच्यांनी अकरावीलाच क्लासची फी भरलेली असते. स्वप्न त्यांचं आणि त्यात वर्षं जातात आपली. फरक एवढाच, की आपण जमिनीवर आहोत. आपल्याला मित्र आहेत, एखादे सर आहेत, बोलायला मावशी आहे. त्यांच्याशी बोला.

उद्या तुमच्यापैकी कुणी खरंच बोट घेईल. जरूर घ्या. फक्त निघण्याआधी पोरांना विचारा आणि दरवर्षी पुन्हा विचारा. सात वर्षांच्या पोराचं उत्तर तेराव्या वर्षी तेच असेल, असं धरून चालू नका.