भागागणिक अभिप्राय

कोरियन मालिका पाहून प्रत्येक भागावर मत टिपून ठेवणारी तरुण पिढी रसिकतेला पारखी झाली, असा आक्षेप आमच्या विद्वन्मंडळींत हल्लीं मोठ्या आवेशानें घेतला जातो. आक्षेपकांनीं स्वतः एकही भाग पाहिलेला नसतो, ही त्यांतील खरी मौज!

अपुऱ्या कथेवर मत देणें हा अपराध असेल, तर १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकांत हरिभाऊ आपट्यांच्या यमूची कहाणी क्रमशः वाचून हळहळणारे आपले पूर्वजही अपराधीच ठरतात.

अंबड तालुक्यांतील अंकुशनगर येथें, साखर कारखान्याच्या परिसरांत, एका विद्यार्थिनीची अशी वही आम्हीं वाचली. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही २०१९-२० मधील सोळा भागांची मालिका. दक्षिणेची धनाढ्य तरुणी वादळांत सांपडून सरहद्दीपलीकडे, उत्तरेच्या लष्करी अधिकाऱ्यापुढें जाऊन पडते. पहिल्या भागाखालीं मुलीनें लिहिलें होतें : "निव्वळ पोरकट योगायोग." पुढें १९४५ मध्यें दुभंगलेल्या त्या देशाची व्यथा तिला उमगली; तेव्हां तिनें जुनें मत खोडलें नाहीं, त्याखालीं "मी चुकलें" एवढेंच लिहिलें.

नायकाच्या रूपाचे नुसते गोडवे गाणारे अभिप्राय पुष्कळ असतात, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आपलें मत कसें बदललें याचा असा प्रामाणिक हिशेब आम्हां प्राध्यापकांच्या किती ग्रंथपरीक्षणांत सांपडतो? आक्षेपकांनीं आधीं सोळा भाग पाहावे. मग खुशाल बोलावें.